प्रमिलाबाईंचं ‘येईन’

बुधवारी सकाळी मी दुसऱ्या दिवसाच्या बैठकीसाठी वहीत रेघा मारत होते. डावीकडे समास, वर वार, खाली ‘उपस्थित’... शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याची ही सवय. फोन वाजला. रेवंताबाईंचा होता. त्या राजेगावच्या रस्त्यावरच्या एका गावात राहतात, घरची शेती आहे. फोनवर त्या नेहमी ओरडून बोलतात, जणू मधलं सगळं अंतर आवाजानंच कापायचं आहे. त्या दिवशी ओरडल्या नाहीत. ‘‘मॅडम, मास्तरीन गेली,’’ एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘कुठे?’’ प्रमिलाबाईंची लेक नागपूरला असते आणि जरा बरं वाटलं की तिच्याकडे जायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून मला वाटलं... रेवंताबाई म्हणाल्या, ‘‘आता कुठं जाईन मॅडम ते. गेली.’’

ईशा, नील, याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीत हे छापून येईल तेव्हा तुमचा बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही कदाचित. पण ज्या एका शब्दासाठी लिहायला बसले आहे, तो इंग्रजीत नाही. खरं तर मी आयुष्यभर जी मराठी लिहिली तीतही तो नीट बसत नाही. प्रमिलाबाईंना तुम्ही एकदा पाहिलंय. एका रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्या माझ्याकडे बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातलं सूप पाहून नीलनं विचारलं होतं, ही ढाल आहे का? त्या म्हणाल्या होत्या, ‘‘हौ बापा, ढालच हाय.’’

त्या तिरोडीच्या. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला. त्या सांगायच्या, बाबा जेवायला बसले की आधी त्यांची नखं दिसायची, काळी, कितीही घासली तरी काळी. प्रमिलाबाई शिकल्या, वारासिवनीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत राहिल्या आणि निवृत्तीनंतर इथे, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात बस स्टँडच्या मागच्या वार्डात घर बांधून राहिल्या. सगळ्या त्यांना मास्तरीन म्हणत. माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तुमच्या आजोबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं भेटायला आल्या आहेत, म्हणून मी भेटायला येणाऱ्यांशी बोलायचे तसं बोलायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘‘ते राहू द्या मॅडम. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हनतात. मले एक लिवनारी पाहिजे. गुरुवारी चार वाजता.’’ कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मी गेले. घरात चार खोल्या आणि मी एकटी. कोणी वार आणि वेळ नेमून दिली याचंच बरं वाटलं होतं.

त्याचं झालं होतं असं. नोकरीत असताना त्यांना एका शिबिराला पाठवलं होतं. तिथे एका उत्साही तरुण बाईंनी सगळ्यांना रंगीत कागद वाटले आणि हिंदीत सांगितलं, डोळे मिटा, पन्नास वर्षांनंतरच्या समाजाची कल्पना करा आणि लिहा. सगळ्यांनी लिहिलं. सबको शिक्षा मिले. भेदभाव न हो. गाँव स्वच्छ रहे. प्रमिलाबाईंनीही तेच लिहिलं. परतीच्या गाडीत त्यांना स्वतःचाच राग आला. मला सांगताना त्या म्हणाल्या, ‘‘चाळीस जनीनं डोळे मिटले अन् चाळीस जनीले एकच बोर्ड दिसला, सरकारी. पन्नास वर्षानं कोनाच्या घरी काय रांधलं असन, हे एकीले बी दिसलं नाई.’’ म्हणून त्यांनी स्वतः चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर, एकेक प्रश्न. गोंदियाची बस थांबली, कोण उतरलं? तिरोडीची खाण बंद झाली, त्या खड्ड्यात आता काय आहे? दोन घरांत भांडण झालं, मिटवायला कोणाकडे गेले, आणि तिथे पोचल्यावर त्याने, की तिने, आधी काय केलं?

चिठ्ठ्या त्या सुपात ठेवत. मधोमध बसून सूप दोन्ही हातांनी धरायचं आणि तांदूळ पाखडावेत तसं पाखडायचं. जी चिठ्ठी पहिल्यांदा उडून बाहेर पडेल ती त्या दिवसाची. मग प्रत्येकीनं सांगायचं, काय दिसतं ते. नियम एकच होता, ‘पाहिजे’ म्हणायचं नाही. असं व्हायला पाहिजे, तसं करायला पाहिजे म्हटलं की पुढच्या गुरुवारी चहा तिनं करायचा. पहिले काही महिने दर गुरुवारी कोणीतरी चहा करत होतं. ‘‘भाषन नको,’’ प्रमिलाबाई म्हणायच्या, ‘‘दिसते ते सांग.’’ आणि कोणी अडलं की त्या फार बारीक काहीतरी विचारत. दार कोणत्या बाजूला उघडते? ताटात काय हाय? म्हातारी कुठं बसली, उन्हात का सावलीत? एवढं विचारलं की बाईचे डोळे कुठेतरी लागत आणि ती बोलायला लागे. सात-आठ जणी असायच्या. पूजा नावाची एक मुलगी झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, ती सगळं हिंदीत सांगायची. तिच्या पन्नास वर्षांनंतरच्या बालाघाटात नेहमी एक लिफ्ट असे, आणि ती नेहमी बंद पडलेली असे. ‘‘अगं निदान तिथं तरी चालू दे,’’ म्हटलं तर ती म्हणायची, ‘‘आंटी, जो दिख रहा है वही बोल रही हूँ ना।’’

रेवंताबाई या बैठकीत आल्या त्या बसमुळे. गुरुवारी बाजार करून पाचच्या बसपर्यंत त्यांना कुठेतरी बसायचं असायचं. त्या पायरीवर बसत, आत नाही. पाण्याची बाटली आपली आणत. चहा आला की म्हणत, ‘‘मले उपास हाय.’’ प्रमिलाबाई म्हणत, ‘‘उपासाले चहा चालते.’’ ‘‘मले नाई चालत.’’ दर गुरुवारी हेच. मास्तरीनबाईंच्या घरचा चहा कोणाला का चालत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. मीही खाली मान घालून लिहीत राहायचे. प्रमिलाबाई दर वेळी कप पुढे करत आणि दर वेळी तोच कप स्वतः पीत.

एकदा पंगतीची चिठ्ठी पडली. ‘पन्नास वर्षांनी या गल्लीत लग्न आहे. पंगत बसली. तुझ्या नातीच्या बाजूला कोण?’ रेवंताबाई पायरीवरूनच म्हणाल्या, मी सांगतो. विदर्भाकडच्या त्यांच्या बोलीत बाईही ‘सांगतो’ म्हणते. त्यांनी डोळे मिटले. ‘‘मांडव हाय. मायी नात लाल फ्राक घालून...’’ कोणीतरी म्हणालं, ‘‘पन्नास वर्षानं फ्राक? ते आजी होईन तवा.’’ सगळ्या हसल्या. ‘‘बरं, लुगडं. नाई, काय घालतीन तवा ते. बसली. तिच्या बाजूले...’’ आणि थांबल्या. प्रमिलाबाईंनी सूप मांडीवर ठेवून विचारलं, ‘‘ताटात काय हाय?’’ ‘‘भात. चिन्नोरचा. वास येऊन राह्यला.’’ ‘‘कोनी रांधला?’’ रेवंताबाईंनी डोळे उघडले. बराच वेळ त्या अंगणाकडे पाहत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘तुया नातीनं. अन् वाढून झालं की मंग ते मायीच्या बाजूले येऊन बसन.’’ मास्तरीनबाईंना त्या इतके महिने ‘तुमी’ म्हणत होत्या. त्या दिवशी ‘तुया’ आलं तोंडात. पाचची बस आली, त्या गेल्या.

आता माझी चूक सांगते. बैठकीचा नियम होता की मागच्या गुरुवारची नोंद आधी वाचायची. पुढच्या आठवड्यात प्रमिलाबाईंनी माझी वही उघडून वाचलं, ‘सर्व समाजांच्या मुलींनी पंगतीत एकत्र बसावे, असे मत रेवंताबाईंनी मांडले.’ रेवंताबाई म्हणाल्या, ‘‘हे मी कवा म्हनलं?’’ मला आधी कळेचना काय बिघडलं. वाक्य शुद्ध होतं, अक्षर चांगलं होतं. प्रमिलाबाईंनी वही मिटली. ‘‘मॅडम, हिनं ‘बसन’ म्हनलं. तुमी ‘बसावे’ लिवलं.’’ मी म्हटलं, ‘‘बसन असा शब्द नाही. प्रमाण मराठीत बसेल.’’ ‘‘मंग बसेल लिवा. बसावे काहून लिवलं? ‘बसावे’ तर शाळेच्या भिंतीवर बी लिवून असते. ते वाचून कोन बसलं आजवर? हिले दिसलं मॅडम. हिच्या डोयानं पाह्यलं हिनं, अन् तुमी त्याचा उपदेश केला.’’ माझे कान तापले. एवढ्या बायकांसमोर माझी वही कोणी तपासली नव्हती. मी उठून जाणार होते... तेवढ्यात चहा आला. प्रमिलाबाईंनी नेहमीसारखा कप पायरीकडे नेला. रेवंताबाईंनी तो घेतला. कोणीतरी विचारलं, ‘‘काहून, आज उपास नाई?’’ ‘‘सुटला,’’ त्या म्हणाल्या आणि बशीत ओतून प्यायल्या. त्यानंतर मी उठून जाणं शक्यच नव्हतं. ते ‘बसावे’ मी खोडलं आणि वर ‘बसेल’ लिहिलं.

त्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. एकदा त्या स्वतःच्या लेकीबद्दल बोलत होत्या, ‘मायी लेक येईन’, आणि मी सवयीनं लिहिलं ‘येईल’. त्यांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी सगळ्या गेल्यावर मला शिकवायला बसल्या. ‘‘तुमच्या मराठीत मी येईन अन् ती येईल. दोन शब्द. आमच्यात मी बी येईन अन् ती बी येईन. कोनी बी कोनाकडे आलं तरी एकच.’’ मी त्यांना इंग्रजीतलं शॅल आणि विल समजावून सांगितलं, कोणत्या कर्त्याला कोणतं, आणि जोर द्यायचा असेल तर उलट कसं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘इंग्रजीले लय शंका हाय बापा पुढच्या दिवसाची.’’ आम्ही दोघी खूप हसलो. तुमचे आजोबा गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले असेन. तेव्हापासून वहीत मी येईन, बसन, होईन असंच लिहू लागले, जसं त्यांच्या तोंडून येतं तसं.

पण एक गोष्ट मी इतक्या वर्षांत केली नाही. कधीच एकाही चिठ्ठीचं उत्तर दिलं नाही. माझी पाळी आली की मी म्हणायचे, मी नोंद घेते आहे. सुरुवातीला ते खरं होतं. पुढे मला कळलं की मी वहीमागे लपले आहे, आणि प्रमिलाबाईंना ते माझ्या आधी कळलं होतं. त्या फार दिवस काही बोलल्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात एकदा म्हणाल्या, ‘‘लिवनारीचं घर काय गावाच्या बाहेर हाय का, मॅडम?’’ आणि एक घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. ‘‘हे सुपातली नाई. तुमची हाय.’’ घरी येऊन उघडली. ‘दहा वर्षांनी. संध्याकाळचे पाच. मॅडमच्या घराचं दार वाजते. कोन?’ बाकी सगळ्या चिठ्ठ्या पन्नास वर्षांनंतरच्या असायच्या. मला त्यांनी दहाच वर्षं दिली होती. पन्नास दिली असती तर मी सहज निसटले असते.

ईशा, नील, माझ्या खोलीतल्या कपाटात मधल्या कप्प्यावर तुमची नावं लिहिलेली आहेत. दोन टॉवेल, दोन ब्रश. तुम्ही सहा वर्षांपूर्वी येऊन गेलात तेव्हापासून ते ब्रश मी दर वर्षी बदलते, कारण दर वर्षी तुमचं तोंड मोठं होतं. न वापरलेले, पाकिटातले ब्रश काढून त्या जागी पुढच्या वयाचे ठेवते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुमचा बाबा मला तिकडे ये म्हणतो आणि मी घराचं कारण सांगते. तुम्ही इकडे या, असं मी कधी म्हटलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि ते उत्तर आवरून कोणत्या कप्प्यात ठेवायचं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि ‘पुढच्या गुरुवारी’ म्हणत राहिले.

मग त्यांना दम लागायला लागला. गोंदियाला नेऊन आणलं, औषधं सुरू झाली, गुरुवार कधी होत, कधी नाही. शेवटच्या गुरुवारी त्या बसू शकत नव्हत्या, म्हणून बाकीच्यांना परत पाठवलं आणि मी तेवढी आत गेले. खाटेवर उशांना टेकून होत्या. सूप पायाशी. मी वही उघडली तर म्हणाल्या, ‘‘आज काय लिवता? आज कोनी काई पाह्यलं नाई.’’ थोड्या वेळानं विचारलं, ‘‘दार वाजलं का, मॅडम?’’ मला खरंच वाटलं दार वाजलं, मी उठून पाहून आले. त्या हसत होत्या, श्वास लागेपर्यंत. ‘‘अवं, तुमचं दार.’’ मी म्हटलं, ‘‘येत्या गुरुवारी सांगते. नक्की.’’ ‘‘हौ,’’ म्हणाल्या आणि डोळे मिटले. बुधवारी रेवंताबाईंचा फोन आला. ‘नक्की’ हा शब्द मी आयुष्यात फार जपून वापरला होता.

तीन गुरुवार काहीच झालं नाही. चार वाजले की मी वही घेऊन बसायचे आणि पाच वाजता दाराला कडी लावून दिवा लावायचे. तुमचे आजोबा गेल्यापासून मी पाचलाच कडी लावते... त्यानंतर कोणी येत नाही, मग दार उघडं ठेवून काय करायचं. या घरात त्या दिवसांत मी कोणाशी बोलले ते आठवून पाहते तर दूध देणारी बाई आणि रविवारचे तुम्ही, एवढंच.

चौथ्या गुरुवारी चार वाजता दार ढकललं गेलं आणि रेवंताबाई दारात उभ्या. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्या हातात सूप. मागे पूजा आणि आणखी चौघी. प्रमिलाबाईंच्या लेकीनं घर बंद केलं होतं आणि सूप त्यांना दिलं होतं. ‘‘आता तुमच्याकडे बसू,’’ रेवंताबाई म्हणाल्या, ‘‘बस स्टँडून दूर पडते, पन चालन.’’ चहा मी केला. सूप माझ्यापुढे ठेवलं गेलं. मी दोन्ही हातांनी धरून पाखडायला गेले आणि सगळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर सांडल्या. मी कधी तांदूळ पाखडले नव्हते, ते काम घरात नेहमी दुसऱ्या कोणीतरी केलं. ‘‘घ्या,’’ रेवंताबाई म्हणाल्या, ‘‘पन्नास वर्षं एकाच दिवशी आले.’’ हसणं थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला. ‘‘आता ते पर्समधली काढा. मास्तरीननं सांगतलं होतं मले.’’

मी वाचली. मी इतकी वर्षं जे बोलायचं टाळत होते ते बोलले. ‘‘मला कोणी दिसत नाही.’’

कोणी धीर दिला नाही, कोणी विषय बदलला नाही. रेवंताबाईंनी हुबेहूब प्रमिलाबाईंसारखं विचारलं, ‘‘कडी कुठं हाय?’’

‘‘आतून लावलेली.’’

‘‘पाच वाजता? दिवसाउजेडी?’’

‘‘पाचलाच लावते मी.’’

‘‘मंग येनारा काय छपराच्या कवेलूवरून उतरन?’’

पूजा म्हणाली, ‘‘और आंटी, घंटी भी तो खराब है आपकी। हम लोग आज कब से बजा रहे थे।’’ सगळ्या हसल्या, मीही. मग चष्मा काढून पुसत बसले, जरा जास्तच वेळ. त्यांनी तेवढा वेळ चहा पिण्यात घालवला.

‘‘बरं,’’ रेवंताबाई म्हणाल्या, ‘‘कडी काढली. आता सांगा.’’ मी डोळे मिटले. मला दार दिसलं, उघडं, आणि बाहेरच्या पायरीवर ऊन. आणखी काही दिसेना. तोंडातून एकच शब्द आला, ‘‘येईन.’’ वही त्या दिवशी पूजाकडे होती. तिनं विचारलं, ‘‘कौन?’’ आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहून टाकलं, ‘मॅडम – येईन.’ मी ते वाचलं. माझ्या मराठीत वाचलं तर मी कुठेतरी जाणार आहे असा अर्थ होतो. त्यांच्या मराठीत वाचलं तर कोणीतरी माझ्याकडे. लाल पेन हाताशी होता, मी तो उचलला नाही.

तर ईशा, नील, ही माझी विनंती नाही, आणि यात ‘पाहिजे’ कुठेच नाही. यंदा नीलचा ब्रशही मोठ्यांचा आणलाय, एवढं सांगते. घंटी दुरुस्त झाली आहे. सूप आता माझ्याकडे असतं. भिंतीला खिळा नव्हता, म्हणून ते मी पुढच्या दाराच्या मागे कडीलाच अडकवलं आहे. दार कोणी ढकललं की ते खडखडतं. आणि ते काढून खाली ठेवल्याशिवाय कडी लावता येत नाही. आत्ता साडेपाच वाजले आहेत. सूप जागेवरच आहे.